बुजगावण्याचा परवाना

विमानतळावर नवीन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस ‘बुजगावणे’ हे आडनाव वाटे. त्यात त्याची चूक नव्हती. याहून चमत्कारिक आडनावं लावून माणसं सुखाने नांदत असतात. पगारपत्रकावर बुजगावण्यांचं खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कधी पडलं नाही. धावपट्टीवरचे पक्षी हाकलणं हे त्यांचं काम. शेतातलं बुजगावणं एका पायावर उभं राहतं आणि पगारवाढ मागत नाही, आपल्यात नि त्याच्यात एवढाच फरक, असं ते स्वतःच सांगत.

काम ऐकायला पोरखेळ वाटतं. पण उड्डाणाच्या वेळी इंजिनात एक घार गेली तर पुढे जे होतं त्याचा अहवाल लिहायला वर्ष लागतं, आणि कधीकधी अहवालाशिवाय मागे काही उरत नाही. म्हणून बुजगावणे उजाडताना जीप काढत. जीपमध्ये भोंगा, दोन झेंडे आणि एक दुनळी बंदूक. बंदुकीच्या काडतुसात छर्रे नसत, नुसता आवाज असे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही पक्षी मारला नव्हता. टिटव्यांच्या ते चांगल्या ओळखीचे झाले होते आणि टिटव्यांना ही ओळख नको होती, हेच त्यांच्या कामाचं यश.

बार काढण्याआधी टॉवरला वॉकीटॉकीवर कळवावं लागे. त्यासाठी एक ठरावीक वाक्य होतं, लांबलचक आणि सरकारी. बुजगावणे ते म्हणत नसत. ते म्हणत, ‘‘आता होईल हं.’’ टॉवरवाल्यांनी आधी तक्रार केली, मग दुर्लक्ष केलं आणि शेवटी तेही तसंच बोलू लागले. हे वाक्य मुळात त्यांच्या बायकोचं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती स्वयंपाकघरातून हाक देई, ‘‘अहो, आता होईल हं.’’ सांगितलेल्या आवाजाला बुजगावणे भीत नसत. न सांगता झालेल्या आवाजाचं मात्र त्यांच्याशी जुनं वैर होतं.

वैराचं कारण असं की त्याआधी ते सैन्यात होते. तिथे एकदा दारूगोळ्याचं कोठार उडालं. कोठाराच्या अलीकडे चार माणसं होती, पलीकडे बुजगावणे होते. ती चारही गेली; यांच्या अंगावर ओरखडाही उठला नाही, त्यामुळे सगळ्यांनी त्यांना नशीबवान म्हटलं. मग या नशीबवान माणसाला झोप येईना. आली तर खाटेखाली येई, खाटेवर नाही. कोणी दार आपटलं की हे जमिनीवर. बायको सुटीत घरी आलेल्या नवऱ्याला जेवायला वाढायची ती त्याच्या समोरून येऊन, मागून कधीच नाही. एक दिवस ते आपल्या पायांनी पलटणीच्या डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, ‘‘साहेब, माझ्याकडची रायफल जमा करून घ्या. माझा माझ्यावर भरवसा नाही.’’ त्यांना कोणी ओढत नेलं नव्हतं, कोणी तक्रार केली नव्हती. इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागात ते काही आठवडे राहिले, औषधं घेतली, बोलले, रडले, बरे झाले, पुन्हा कामावर गेले आणि मुदत भरल्यावर रीतसर निवृत्त झाले. इस्पितळाचे कागद त्यांनी बाकीच्या प्रशस्तिपत्रकांच्या शेजारी ठेवले होते. त्यांच्या लेखी दोन्हींची योग्यता सारखीच होती.

शस्त्रागाराचा एक नियम मात्र ते सैन्यातून सोबत घेऊन आले: देणारा वेगळा, घेणारा वेगळा. आपलं हत्यार आपण कपाटातून काढायचं नाही, दुसऱ्याने द्यायचं. विमानतळावर बंदूक भांडारात असे आणि भांडाराच्या जाळीमागे ताई बसत. ताईंकडे बल्ब, झाडू, रंगाचे डबे, दोरखंड आणि बंदूक अशा वस्तू होत्या आणि त्या सगळ्यांवर त्यांचं सारखंच प्रेम होतं. पहिल्याच दिवशी बुजगावणे जाळीपाशी उभे राहून म्हणाले, ‘‘ताई, एक विनंती आहे. रोज मला विचारायचं, झोप झाली का. आणि माझं तोंड बघायचं. तुम्हाला बरं वाटलं तर बंदूक द्यायची. नाही वाटलं तर नाही.’’

‘‘आणि तुम्ही मागितलीत तर?’’

‘‘मागितली तर मुळीच द्यायची नाही.’’

‘‘अहो, पण मला कुठे तोंड वाचता येतं?’’

‘‘यजमानांचं वाचत असाल की.’’

‘‘त्यावर काही लिहिलेलंच नसतं.’’

पण ताई शिकल्या. रोज सकाळी जाळीतून प्रश्न येई, ‘‘झोप?’’ बुजगावणे म्हणत, ‘‘झाली.’’ मग बंदूक बाहेर येई. कधी ते म्हणत, ‘‘झाली,’’ आणि ताई म्हणत, ‘‘काही झालेली नाही. भोंगा घ्या आणि चालते व्हा.’’ अशा दिवशी ते भोंगा वाजवत, झेंडे हलवत आणि उरलेलं काम टाळ्यांनी करत. हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं. विमानतळाच्या साहेबांना माहीत नव्हतं. बरं चाललं होतं, त्याचं कारणही बहुधा हेच असावं.

मग दुसऱ्याच कुठल्या तरी गावी, दुसऱ्याच कुठल्या तरी माणसाने, बंदुकीने काहीतरी भलतंच केलं आणि वरून हुकूम आला. बंदूक संस्थेच्या नावावर असली तरी जो ती हातात धरेल त्याच्याकडे स्वतःचा परवाना हवा. परवान्याच्या अर्जात बाकी रकाने नेहमीचे होते, पण एक रकाना विचारत होता: मानसिक आजारावर कधी उपचार घेतले आहेत का?

तो अर्ज घेऊन बुजगावणे जाड्याकडे गेले. जाड्या हा त्यांचा पलटणीतला जोडीदार, हल्ली एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसे. नाव जाड्या आणि अंगाने काडी. नाव पडलं तेव्हा खरं होतं. त्याच्याकडे परवाना होता.

‘‘त्यात विचार कसला करतोस? ‘नाही’ लिही,’’ जाड्या म्हणाला.

‘‘पण घेतलेत ना उपचार.’’

‘‘मीही घ्यायला हवे होते. घेतले? नाही. मग माझं उत्तर ‘नाही’, आणि ते खरं आहे. लेका, मी अजून झोपेत ओरडतो. बायको शेजारच्या खोलीत निजते, आतून कडी लावून. पण माझी पाटी कोरी! तुला कोणी सांगितला होता शहाणपणा? डॉक्टरकडे गेलास, लेखी वेडा झालास. मी गेलो नाही, मी ठणठणीत.’’

‘‘आता तरी जा.’’

‘‘आणि हिचं काय करू?’’ जाड्याने मांडीवरच्या बंदुकीवर थाप मारली. ‘‘गेलो की ही गेली. ही गेली की नोकरी गेली. मग खरंच वेड लागेल, आणि तेव्हा उपचाराला पैसे नसतील.’’

बुजगावण्यांनी घरी येऊन ‘हो’ लिहिलं आणि इस्पितळाचे कागदही जोडले. ते कोणी मागितले नव्हते. बायको कपडे शिवायची. मशीन थांबवून तिने अर्ज वाचला आणि म्हणाली, ‘‘लपवायला सांगत नाही मी. पण मिरवणूक काढायची काय गरज होती?’’

परवाना देणाऱ्या समितीत तिघं बसली होती: मधे अध्यक्ष, एका बाजूला पोलीस खात्याचे एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई. पोलीस खात्याचे गृहस्थ शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं काम बहुधा तिथे असणं हेच होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘आता काही त्रास होतो?’’

‘‘रोज नाही,’’ बुजगावणे म्हणाले.

आणि इथे त्यांनी ती चूक केली जी आयुष्यभर हत्यार नियमाने हाताळलेला माणूसच करू शकतो. आपण किती काळजी घेतो हे यांना सांगावं, म्हणजे ही माणसं निर्धास्त होतील, असं त्यांना वाटलं. देणारा वेगळा, घेणारा वेगळा, इथपासून ताई, जाळी, झोप, तोंड, भोंगा, सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. सांगताना जरा अभिमानही होता.

अध्यक्षांनी चष्मा काढला. ‘‘म्हणजे काही दिवस तुमच्या हातात बंदूक देऊ नये, असं तुमचंच मत आहे?’’

‘‘माझं नाही, ताईंचं. त्या दिवशी माझं मत विचारात घेत नाहीत.’’

‘‘आणि असे दिवस येतात?’’

‘‘सगळ्यांनाच येतात, साहेब. मला सांगणारं कोणीतरी आहे, एवढंच.’’

अध्यक्षांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि निर्णय पुढच्या तारखेपर्यंत राखून ठेवला. घरी आल्यावर बुजगावणे बायकोला म्हणाले, ‘‘चांगलं झालं. सगळं नीट सांगता आलं.’’ बायकोने मशीन पुन्हा सुरू केलं.

निर्णय होईपर्यंत त्यांची बदली सामानघरात झाली. पट्ट्यावरून येणाऱ्या बॅगा उचलून गाड्यांवर टाकायच्या. जागा बंदिस्त, छत पत्र्याचं आणि प्रत्येक बॅग पडताना न सांगता आवाज करणारी. ज्या माणसाच्या मनाबद्दल शंका आहे त्याला सरकारने नेमक्या त्याच खोलीत ठेवलं होतं जिथे शंकेचं पुराव्यात रूपांतर होईल. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. सामानघरात जागा रिकामी होती, इतकंच.

धावपट्टीवर एका कंत्राटदाराचा माणूस आला. त्याची पाटी स्वच्छ होती. तो सकाळपासून बार काढत सुटे, पक्षी असोत वा नसोत. आठवडाभरात टिटव्यांना कळलं की हा माणूस आवाज करतो आणि जेवायला जातो. त्या त्याच्या जीपच्या टपावर बसू लागल्या. एकदा त्याने बार काढला तो वारा दाखवणाऱ्या कापडी पिशवीच्या इतक्या जवळून की तिला भोक पडलं आणि दोन दिवस वैमानिकांना वारा आहे त्यापेक्षा कमी दिसला.

घरी कुकर बंद झाला. बायको ‘आता होईल हं’ म्हणे, शिट्टी होई आणि सांगितलेल्या आवाजालाही बुजगावणे दचकू लागले. मग तिने भाताला पातेलं घेतलं. शिवणयंत्रही ती ते घरी नसतानाच चालवू लागली. एके दिवशी खाटेखाली उशी दिसली, तेव्हा मात्र तिने मशीनवर झाकण घातलं, चांगली साडी बाहेर काढून ठेवली आणि म्हणाली, ‘‘पुढच्या तारखेला मी येणार.’’

‘‘तुला बोलावलेलं नाही.’’

‘‘तुम्हाला तरी कुठे कोणी कागद मागितले होते?’’

आधी समितीला कळेना की हिला कुठल्या नियमाखाली ऐकायचं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘घरच्यांचं म्हणणं म्हणून ऐकू.’’ बायकोला त्यांनी थेटच विचारलं, ‘‘तुम्हाला यांची भीती वाटते?’’

‘‘वाटायची,’’ बायको म्हणाली. ‘‘हे डॉक्टरकडे गेले त्याच्या आधी.’’

अध्यक्ष लिहीत होते, त्यांचं पेन थांबलं.

‘‘तेव्हा यांच्याकडे रायफल होती आणि कोणी काही विचारत नव्हतं,’’ ती पुढे म्हणाली. ‘‘तेव्हा मी रात्र रात्र जागी असायची. नंतर हे रोज कोणाला तरी विचारून बंदूक घेऊ लागले आणि मला झोप लागू लागली. आता तुम्ही बंदूक काढून घेतलीत, आणि पुन्हा आमच्या दोघांची झोप गेली. हिशेब तुम्हीच करा.’’

‘‘पण बाई, काही दिवस ते योग्य स्थितीत नसतात, हे तर त्यांनीच कबूल केलंय.’’

‘‘हो. तुम्हाला कोण विचारतं साहेब, सकाळी घरातून निघताना, झोप झाली का म्हणून?’’

अध्यक्षांना बहुधा बऱ्याच वर्षांत असं कोणी विचारलं नसावं. त्यांनी प्रश्न अप्रस्तुत ठरवला, पण आवाज जरा उतरला होता. डॉक्टरीणबाई खाली बघून कागद सारखे करत होत्या, जे आधीच सारखे होते.

परवाना मिळाला. एका अटीवर. अट मोठ्या भाषेत होती, तिचा मथितार्थ असा: संस्थेने एक जबाबदार व्यक्ती नेमावी, त्या व्यक्तीने दररोज परवानाधारकाच्या मनःस्थितीची खातरजमा करावी, सहीनिशी नोंद करावी आणि मगच शस्त्र सुपूर्द करावं. समितीला ही कल्पना आपलीच वाटली. साहेबांना ती फारच आवडली. असं काहीतरी आपण पूर्वीच करायला हवं होतं, असं ते बैठकीत म्हणाले. जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांनी ताईंना नेमलं, कारण भांडाराची किल्ली ताईंकडे होती.

दुसऱ्या दिवशी बुजगावणे दाढी करून, परवाना खिशात घालून जाळीपाशी उभे राहिले. सामानघर सुटलं म्हणताच त्यांना चांगली झोप लागली होती. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ते घोरले होते, आणि खाटेवर.

‘‘झोप?’’ ताईंनी विचारलं.

‘‘झाली.’’

ताईंनी तोंड बघितलं. मग नवी कोरी वही बघितली. मग पुन्हा तोंड. ‘‘तुम्ही आज भोंगाच घ्या,’’ त्या म्हणाल्या.

बुजगावण्यांनी भोंगा घेतला. वाद घालायचा नाही हा त्यांचाच नियम होता.

त्याच्या पुढच्या दिवशीही भोंगाच. त्याच्याही पुढच्या. आधी ताईंना ‘नाही’ म्हणायला जड जाई, तरी त्या म्हणत. आता ‘हो’ म्हणायला जीभ उचलेना. इतकी वर्षं त्या एका माणसाचं तोंड बघत होत्या. आता त्या तोंडामागे त्यांना समिती दिसे, चौकशी दिसे, आपली सही दिसे. उद्या याने काही केलं तर? काही केलं नाही, पण कोणी विचारलं तर? रोज वहीत ‘सुपूर्द केले नाही’ असं लिहून त्या सही करत. त्या सहीला धोका नव्हता.

जाड्या भेटला तेव्हा पोट धरून हसला. ‘‘परवाना खिशात, बंदूक कपाटात आणि हा टाळ्या वाजवतोय! लेका, समितीने नाही म्हटलं असतं तर निदान अपील तरी करता आलं असतं. ताईंविरुद्ध कुठे अपील करणार?’’

‘‘करायचं नसतं,’’ बुजगावणे म्हणाले.

‘‘साहेबांना सांग. दुसरा माणूस नेमतील. डोळे मिटून सही करणारे पुष्कळ आहेत.’’

‘‘डोळे मिटून देणारा नको, म्हणून तर हा सगळा खटाटोप.’’

मात्र धावपट्टीवर परिस्थिती बरी नव्हती. कंत्राटदाराच्या माणसाने पक्ष्यांना लावलेल्या सवयी भोंग्याने मोडत नव्हत्या. एका सकाळी उतरणारं विमान ऐन वेळी पुन्हा वर गेलं, कारण पट्टीच्या मधोमध टिटव्यांची सभा भरली होती. विमान सुखरूप होतं. पण साहेबांनी बोलावून विचारलं, ‘‘परवाना आला ना? मग बार का निघत नाही?’’ बुजगावणे म्हणाले, ‘‘भांडारात विचारून सांगतो.’’ साहेबांना यातलं काही कळलं नाही, पण ते तसे कळण्यासाठी प्रसिद्ध नव्हते.

भांडारात ताई वहीवर डोकं टेकून बसल्या होत्या. विमान वर गेल्याचं त्यांना कळलं होतं. बुजगावणे जाळीपाशी आले. ताईंनी सवयीने तोंड उघडलं, पण आज प्रश्न पलीकडून आला.

‘‘ताई, झोप?’’

ताईंनी वर बघितलं. डोळे सुजलेले होते.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ही वही आल्यापासून नाही. रोज ठरवते, आज देईन. सही करायला गेलं की ‘सुपूर्द केले नाही’ असंच लिहिलं जातं. आणि दिली नाही म्हणून आज हे असं झालं.’’

‘‘मग आज देऊ नका. या तोंडाने दिलेली मी घेणार नाही.’’

‘‘म्हणजे आता तुम्ही माझं तोंड बघणार?’’

‘‘नियम दोन्ही बाजूंनी असतो. देणाराही नीट हवा.’’

ताईंनी वही मिटली. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, ‘‘तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे गेला होतात हो?’’

‘‘ते आता निवृत्त झाले. पण समितीवरच्या त्या बाई चांगल्या वाटल्या. घरच्यांचं ऐकून घेतात.’’ आणि मग त्यांना आठवलं. ‘‘मात्र नोंद होईल हं, ताई. कायमची.’’

‘‘होऊ दे,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मला कुठे बंदूक हवी आहे?’’

हे बोलून झाल्यावर त्या हसल्या. बुजगावणेही हसले. मग भोंगा घेऊन गेले आणि त्या दिवशी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

ताई दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा यजमानांना घेऊन गेल्या. औषध किरकोळ निघालं, बोलणं बरंच निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं की पूर्ण खात्री ही कोणाबद्दलच मिळत नसते; तोंडावर काल जितकं दिसायचं तितकंच आजही दिसतं, आणि तेवढ्यावरच ताई इतकी वर्षं बरोबर निघाल्या आहेत. हे ताईंना आधीही माहीत होतं, पण कोणीतरी समोर बसून सांगायला लागतं.

मग एका सकाळी ढग खाली आले होते, गवत ओलं होतं आणि पट्टीच्या टोकाला बगळे उतरले होते. बुजगावणे जाळीपाशी उभे राहिले.

‘‘झोप?’’

‘‘झाली. तुमची?’’

‘‘झाली.’’

ताईंनी त्यांचं तोंड बघितलं, नेहमीपेक्षा जास्त नाही. कपाट उघडलं. बंदूक जाळीच्या खिडकीतून बाहेर दिली आणि मग वहीत सही केली. आधी बंदूक, मग सही. हा क्रम नियमाच्या उलट होता, पण तो बदलायला नंतरही कोणी सांगितलं नाही.

जीप पट्टीच्या टोकाला पोचली. ताईंच्या टेबलावर रंगाच्या डब्यांशेजारी एक वॉकीटॉकी असे. ती सहसा खरखरत पडलेली असे आणि तिकडे कोणी लक्ष देत नसे. आज ताईंनी आवाज वाढवला. बुजगावणे टॉवरशी बोलले. टॉवरने वेळ बघून होकार दिला. मग थोडं थांबून बुजगावण्यांचाच आवाज पुन्हा आला, आणि तो टॉवरसाठी नव्हता.

‘‘ताई, आता होईल हं.’’

ताईंनी वहीवर हात ठेवला. बार झाला. बगळे उठले, कुरकुरत, मोठं वळण घेऊन कुंपणापलीकडे गेले. टॉवरवाल्याने वर्दी दिली की पट्टी मोकळी आहे, आणि ताईंनी पुढच्या माणसाला विचारलं, ‘‘तुमचं काय? झाडू?’’